ही घंटी स्टाफसाठी नाही

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. त्या दोघी माझ्यापेक्षा नशीबवान. देवळातली वाजवली की लोक हात जोडतात. शाळेतली वाजली की मुलं ओरडत पळत सुटतात. मी हॉटेलच्या काउंटरवरची घंटी. मला वाजवणाऱ्याच्या कपाळावर बहुतेक वेळा आठ्या असतात.

तुम्ही मला कुठेतरी पाहिलं असेलच. पितळेची वाटी उपडी ठेवावी तशी मी दिसते. डोक्यावर एक बटण आणि पोटात एक चिमुकली हातोडी. बटण दाबलं की हातोडी आतून आपटते आणि मी 'टिंग' म्हणते. खरं सांगायचं तर मला एवढंच येतं. त्यामुळे आयुष्यभर लोकांनी माझ्या डोक्यावर टपल्याच मारल्या. विमानाला उशीर झाला, टॅक्सीवाल्याने उगाच फिरवून आणलं, बायको वाटेत रुसली, की टपली मला.

माझा जन्म मुरादाबादचा. तिथे एका अंधाऱ्या कारखान्यात मला ठोकून, घासून तयार केलं आणि भुशाने भरलेल्या खोक्यात घालून मुंबईला पाठवलं. बाजारातल्या दुकानात फार दिवस राहावं लागलं नाही. अंधेरी पूर्वेला, विमानतळापासून रिक्षाने जवळ, मरोळच्या एका आतल्या रस्त्यावर नवं हॉटेल उघडत होतं. त्यांनी मला नेलं. हॉटेलचं नाव मी सांगत नाही. पाटी आता बदललीय, आणि नावाने तसा काही फरकही पडत नाही.

पहिल्याच दिवशी माझ्याजवळ, काउंटरच्या आतल्या बाजूला, पाहुण्यांना दिसणार नाही अशी एक चिठ्ठी चिकटवली गेली. 'ही घंटी स्टाफसाठी नाही.'

या नियमाला कारण होतं. मी वाजले म्हणजे कुणीतरी पाहुणा खोळंबलाय असं सगळ्यांनी समजायचं आणि हातातलं काम टाकून धावत यायचं. सामान उचलणारे, स्वयंपाकघरातले, खोल्या साफ करणाऱ्या, ज्याला ऐकू जाईल तो. उगाच कुणी वाजवली तर सगळे फुकट धावणार. पुढे पुढे या नियमाला श्रद्धेसारखं रूप आलं. स्टाफपैकी कुणाचा चुकून धक्का लागला तर बाकीचे म्हणायचे, "झालं! आता येतोय बघ एखादा खडूस गेस्ट." आणि गंमत म्हणजे तो यायचाच. खडूस गेस्ट तसे रोजच येत होते, पण हे कुणी लक्षात घ्यायचं नाही.

मला रोज सकाळी पुसायचं काम धोंडूकडे होतं. धोंडू पाहुण्यांचं सामान उचलायचा. उंच, सडपातळ, पन्नाशीला टेकलेला. गाव कणकवलीच्या बाजूला. वडील परळच्या गिरणीत होते, गिरणी गेली तसं कुटुंब विक्रोळीच्या चाळीत आलं. तो मला चिंचेच्या कोळाने घासायचा आणि मग मऊ फडक्याने पुसायचा. पुसताना डाव्या हाताचं एक बोट माझ्या बटणाखाली असं अडकवून ठेवायचा की ते दाबलं जाऊ नये. सकाळच्या शांत लॉबीत उगाच आवाज नको, आणि नियमही मोडायला नको. इतकी वर्षं तो मला पुसत होता, पण त्याच्या हातून मी एकदाही वाजले नव्हते.

धोंडूला सवय होती ती गिळण्याची. खोकला आला की तो गिळायचा, शिंक गिळायचा, जांभई तर नाकातूनच परत पाठवायचा. एकट्या त्यालाच नव्हे, त्या हॉटेलात सगळ्यांनाच हे शिकवलं होतं. रोज सकाळी पाहुणे खाली यायच्या आधी सगळे माझ्यासमोर रांगेत उभे राहायचे आणि मॅनेजर चंद्रप्रकाश सर एकेकाची नखं, कॉलर, बुटांची पॉलिश बघत पुढे जायचे. मग विचारायचे,

"गेस्टने विचारलं, कसे आहात, तर काय सांगायचं?"

"मस्त, सर!" सगळे एका सुरात.

"पाय दुखत असेल तर?"

"मस्त, सर!"

"आणि धोंडू, तुझं घर जळत असेल तर?"

"मस्त, सर. पण जरा सुट्टी द्या."

सगळे हसायचे, चंद्रप्रकाश सरसुद्धा. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं असणार.

त्या रांगेत शेवटी उभी असायची कमळ. ती वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. खोल्या साफ करायचं काम तिचं. तिची आई बाजारात मासळी विकायची, आणि लेकीने टोपली न उचलता फिनेलची बाटली उचलली याचा तिला राग होता. "आमच्या घरात रोज भांडन," कमळ सांगायची. "आय म्हनते तुज्या अंगाला फिनेल मारतंय. मी म्हनते तुज्या अंगाला बोंबील. बाबा म्हनतो, दोगी बाहेर झोपा." सगळ्यांना ती नावाने हाक मारायची, फक्त धोंडूला दादा म्हणायची.

मग तो आजार आला. तुम्हाला नाव सांगायची गरज नाही. विमानं थांबली आणि माझी लॉबी एवढी रिकामी झाली की बाहेर गुलमोहरावर कावळा ओरडला तरी आत ऐकू यायचं. निम्म्या लोकांना घरी पाठवलं. कुणी मला वाजवेना. मी इतकी वर्षं टपल्यांना कंटाळले होते, पण तेव्हा वाटलं, कुणीतरी यावं आणि चिडून का होईना, एक टपली मारावी.

पाहुणे आले, पण वेगळेच. परदेशात अडकलेल्या लोकांना विमानाने आणायचे आणि घरी सोडण्याआधी हॉटेलच्या खोलीत बंद ठेवायचे. त्यांच्यासाठी आमचं हॉटेल निवडलं गेलं. उरलेल्या स्टाफला सांगण्यात आलं की आता इथेच राहायचं, घरी ये-जा करायची नाही. खाली ज्या हॉलमध्ये साखरपुडे आणि बारशी व्हायची, तिथे गालिच्यावर सतरंज्या पडल्या. सगळे एकाच हॉलमध्ये, शेजारी शेजारी. साखरपुड्याची सोनेरी झालर भिंतीवर तशीच लटकत होती.

वरच्या मजल्यांवर मात्र एका खोलीत एक माणूस, आणि तरीही तक्रारी. डाळ गार झाली. खिडकी उघडत नाही. संत्र्याचा रस पाकिटातला का? टीव्हीवर आमचा चॅनल लागत नाही. पाहुण्यांना खोलीबाहेर यायची बंदी होती, म्हणून ते फोनवरून ओरडायचे आणि स्टाफ जेवणाची ताटं दाराबाहेर ठेवून, दार ठोठावून मागे सरकायचा. एका बाईने कमळला दाराच्या फटीतून सांगितलं, "लांबूनच बोल, तू कुठे कुठे फिरतेस कोण जाणे." ती बाई दोन देश फिरून आली होती, आणि कमळ हॉटेलबाहेर पडलीच नव्हती.

मी चिडले होते. पण चिडून करू काय? कुणी बटण दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

शहरात लोक गॅलऱ्यांत उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. डॉक्टरांसाठी, नर्ससाठी, सफाई कामगारांसाठी. ते बरोबरच होतं. पण हॉटेलच्या माणसांचं नाव त्या टाळ्यांत कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. हॉटेल म्हणजे मजा करायची जागा. तिथल्या माणसांना कसला त्रास?

रोज सकाळी एक तरुण डॉक्टर यायच्या. नाव जान्हवी. तो पांढरा झगा, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. वरच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन त्या प्रत्येक पाहुण्याच्या कपाळाला तापमापक दाखवायच्या आणि बोटाला ते ऑक्सिजन मोजणारं चिमट्यासारखं यंत्र लावायच्या. खाली येईपर्यंत झग्याच्या आत घामाने भिजून गेलेल्या असायच्या. तरी जाता जाता माझ्यासमोर थांबून स्टाफला विचारायच्या,

"तुम्ही सगळे ठीक आहात ना? कुणाला ताप, खोकला?"

आणि सगळे रांगेत उभे राहून एका सुरात म्हणायचे, "मस्त, मॅडम!"

मला तेव्हा किंचाळावंसं वाटायचं. अरे, त्या डॉक्टर आहेत, गेस्ट नाहीत! पण या माणसांना बाहेरून आत येणारा प्रत्येक माणूस पाहुणाच वाटायचा. काचेचं दार उघडून कुणी आत आलं की यांची पाठ ताठ व्हायची, चेहरा हसरा व्हायचा आणि दुखणं पोटात जायचं. धोंडू तर त्यांच्यासाठी ट्रेमध्ये पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचा. डॉक्टर जान्हवी "थँक यू काका" म्हणायच्या आणि निघून जायच्या. आपण विचारलं, त्यांनी सांगितलं, झालं. त्यांना तरी कसं कळणार?

धोंडूचं बिनसलंय हे पहिल्यांदा मला कळलं. एका सकाळी तो मला पुसत होता. बोट नेहमीसारखं बटणाखाली अडकवलेलं होतं, पण ते गरम होतं आणि थरथरत होतं. एकदम ते निसटलं आणि मी वाजले.

टिंग.

धोंडू दचकला. "सॉरी, सॉरी," तो मला म्हणाला. आजवर मला सॉरी म्हणणारा हा एकच माणूस.

जिन्याखालून बादली घेऊन येणारी कमळ थांबली. "अगो बाय! दादा, तू वाजवलीस? आता येनार बग मोठा खडूस."

"फडका सरकला गो."

"फडका नाय सरकला. हात बग तुजा. थरथरतोय." ती जवळ आली. "ताप हाय ना तुला? काल जेवला पन नाय. रात्रभर उशीत तोंड घालून खोकत होता. मला वाटलं हसतोय."

"माका काय एक जाला नाय. एसीन घसो बसलो."

"एसी बंद होऊन महिना झाला, दादा."

माझ्यासमोर सामानाची पितळी ढकलगाडी उभी असायची, तिच्या काठावर धोंडू बसला. मला डोळे असते तर ते विस्फारले असते. लॉबीत बसायचं नाही हा नियम त्याने कधीच मोडला नव्हता.

"आज मॅडमला सांगायचं," कमळ म्हणाली.

"नाय."

"मग मी सांगते."

"गप ऱ्हव, कमळ!" त्याचा आवाज वर चढायला बघत होता, पण मधेच तुटला. "तुका आठवता मा, देवेशचा काय जाला?"

देवेश स्वयंपाकघरात होता. त्याला ताप आला तेव्हा गाडीत घालून नेलं. तो पुढे बरा झाला, पण त्याच्या चाळीत दाराला बांबू आडवे बांधले, आणि बांबू काढल्यावरही त्याच्या बायकोला नळावर कुणी उभं राहू देईना. हे सगळं फोनवरून हॉलमध्ये कळलं होतं आणि त्या रात्री कुणी जेवलं नव्हतं.

"रत्नप्रभा एकटी आसा थंय," धोंडू म्हणाला. रत्नप्रभा त्याची बायको. "आमच्या माळ्यावर एकच नळ. तिका पाणी भरूक देवचे नाय. आणि हंय? माझ्यामुळे हॉल बंद करतीत. हॉटेल बंद करतीत. मगे तुम्ही सगळे खंय जाशात? दोन दिवसात उतरतलो ताप. तू फकत गप ऱ्हव."

"आनि नाय उतरला तर?"

"तर मस्त, मॅडम," धोंडू म्हणाला आणि हसला. हसता हसता त्याला खोकला आला. तो त्याने गिळला. तोंडावर मास्क होता, आजूबाजूला एकही पाहुणा नव्हता, तरीसुद्धा गिळला.

कमळ बादली उचलून गेली. तिने त्या दिवशी सांगितलं नाही. मला तिचा राग आला, पण तिला आता दादाने शब्दात अडकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जान्हवी नेहमीसारख्या वरून खाली आल्या. रांग उभी राहिली. धोंडू काउंटरला पाठ टेकवून उभा होता. पाण्याची बाटली त्याने आज ट्रेमध्ये न आणता आधीच काउंटरवर ठेवली होती. माझ्याशेजारीच. म्हणजे ट्रे धरायची ताकद नव्हती, हे मला कळलं. आणखी कुणाला कळलं असेल तर कमळला. ती रांगेतून वाकून त्याच्याकडेच बघत होती.

"सगळे ठीक?" डॉक्टरांनी विचारलं.

"मस्त, मॅडम!"

त्या सुरात धोंडूचाही आवाज होता. बारीक, पण होता. मास्कच्या वर त्याचे डोळे हसत होते. सगळ्यांना शिकवलंच तसं होतं की हसू डोळ्यांत दिसलं पाहिजे.

डॉक्टर वळल्या. चंद्रप्रकाश सर त्यांना सोडायला दारापर्यंत गेले. रांग मोडली, जो तो आपल्या कामाला गेला. काचेचं दार त्यांच्यामागे बंद झालं. बाहेर पोर्चमध्ये डॉक्टर झगा उतरवू लागल्या. त्यांची गाडी सुरूच होती.

आणि माझ्या बाजूला धोंडू हळूहळू खाली सरकला. आपटला नाही, पडला नाही. काउंटरला घासत, आवाज न करता, जमिनीवर बसला आणि मग एका बाजूला कलंडला. बेशुद्ध पडतानाही त्याने लॉबीत आवाज होऊ दिला नाही.

कमळने पाहिलं. तिच्या हातातला पोछा पडला. ती ओरडायला गेली, पण तोंडातून नुसता श्वास बाहेर आला. लॉबीत आवाज चढवायचा नाही, हे इतकी वर्षं तिच्या अंगात मुरवलेलं. कोळीवाड्यात जिची हाक खाडीपलीकडे जायची, तिला इथे ओरडता येईना. तिने एकदा धोंडूकडे पाहिलं, एकदा काचेबाहेरच्या गाडीकडे. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

माझ्याजवळची चिठ्ठी तिने रोज वाचली होती.

तिने हात उचलला आणि माझ्या डोक्यावर मारला. टपली नव्हे, थप्पड. टिंग. पुन्हा. टिंग. टिंग टिंग टिंग. अख्ख्या आयुष्यात मला कुणी असं वाजवलं नव्हतं. माझ्या आतली हातोडी वाकतेय की काय असं वाटलं. वाकू दे, मी म्हटलं. मार अजून.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. सगळे धावत आले. स्वयंपाकघरातून, हॉलमधून, जिन्यावरून, कॉलर नीट करत, हसू डोळ्यांत आणत. "येस सर! येस मॅडम!" चंद्रप्रकाश सर दार ढकलून आत आले.

"कमळ! डोकं फिरलंय का तुझं? स्टाफने घंटी..."

"गेस्ट हाय, सर," कमळ म्हणाली. ती हाफत होती आणि रडत होती. "ह्यो बगा गेस्ट. खाली पडलाय. आता विचारा त्याला, कसा हाय."

सगळे तिथेच थिजले. चंद्रप्रकाश सर गुडघ्यावर बसले आणि "धोंडू, ए धोंडू" करत त्याचा मास्क खाली ओढू लागले. त्यांच्यामागून डॉक्टर जान्हवी आल्या. अर्धा झगा उतरवलेला, अर्धा अंगावर. आवाज पोर्चपर्यंत गेला होता. त्यांनी धोंडूच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं. तेच डावं बोट, जे रोज माझ्या बटणाखाली असायचं. यंत्रावरचा आकडा मला दिसला नाही. डॉक्टरांचा चेहरा दिसला, तेवढा पुरे होता.

"गाडीत ऑक्सिजन आहे, पळा!" त्या ड्रायव्हरला ओरडल्या. मग धोंडूच्या कानाशी वाकल्या. "काका, ऐकू येतंय? कसं वाटतंय?"

धोंडूने डोळे किंचित उघडले. समोर पांढऱ्या झग्यातली बाई पाहिली.

"मस्त, मॅडम," तो म्हणाला.

"मस्त काय, मस्त?" डॉक्टर जान्हवी एकदम भडकल्या. "कधीपासून ताप आहे यांना? मी रोज विचारत होते ना? रोज!"

"विचारत होता," कमळ म्हणाली. "वरच्यांना मशीन लावायचात. आमाला नुसतं विचारायचात. आमी काय सांगनार? आमाला एकच उत्तर शिकवलंय."

चंद्रप्रकाश सर जमिनीकडे बघत होते.

स्ट्रेचर नव्हतं. तेव्हा धोंडूला सामानाच्या ढकलगाडीवर बसवलं आणि कमळने त्याला मागून मिठी मारून धरलं. ती गाडी इतकी वर्षं त्याने ढकलली होती. आज चंद्रप्रकाश सर ती ढकलत होते, आणि पोर्चच्या उतारावर चाक करकरलं तेव्हा ढकलगाडीवरचा माणूसच हळूच म्हणाला, "सावकाश सर, पुढला चाक वाकडा आसा."

त्या दुपारी सगळ्या स्टाफला मशीन लावलं. आणखी काहीजण आजारी निघाले. तेही सगळे मस्त होते. हॉटेल बंद झालं नाही. धोंडूला वाटलं होतं तसं काहीही झालं नाही. उलट स्टाफला पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्या दिल्या गेल्या. त्या खोल्या आधीपासूनच रिकाम्या होत्या. हे आठवलं की आजही माझ्या पोटातली हातोडी रागाने थरथरते. जे एका दुपारीत झालं, ते आधी का नाही झालं? त्यासाठी एका माणसाला जमिनीवर का कलंडावं लागलं?

रत्नप्रभाला मात्र नळावर त्रास झालाच. पण तिने हंडा नळाखाली ठेवून, समोर ठाण मांडून सगळ्यांना सांगितलं, "माझो नवरो तुमच्यासारख्यांची सेवा करताना आजारी पडलो. कोणाक काय बोलायचा आसा ता माझ्या तोंडार बोला." आणि हंडा भरूनच ती उठली. हे तिने पुढे कमळला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

साथ ओसरल्यावर लॉबीत एक मोठा फोटो लागला. 'आमचे हिरो.' सगळा स्टाफ रांगेत उभा, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. त्यातली कमळ कोणती हे तिलासुद्धा शोधावं लागायचं. धोंडू त्या फोटोत नव्हताच, कारण फोटो काढला त्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये होता. नंतर तो हॉटेलात आला होता एकदा. ढकलगाडीवर एक बॅग चढवली आणि धाप लागून खांबाला टेकला. "आराम कर, बरं वाटलं की बोलावतो," त्याला सांगण्यात आलं. तो वाट बघत राहिला. कुणी बोलावलं नाही.

मलाही काढलं. 'हात न लावता सेवा' अशी नवी पाटी आली आणि सगळ्यांचे हात लागणारी वस्तू म्हणून मी जुन्या चाव्या आणि तुटक्या पेनांबरोबर एका खोक्यात गेले. माझ्या जागी काचेची पाटी आली. तिच्यावर हसरे आणि रडके चेहरे आहेत. पाहुण्याने जाताना एक चेहरा दाबायचा, मुक्काम कसा वाटला ते सांगायला. तिला मात्र सगळ्यांचे हात लागलेले चालतात. स्टाफने दाबायचा चेहरा त्यात नाही.

खोकं भंगारात जाणार होतं. कमळने चंद्रप्रकाश सरांना विचारलं, "सर, ही मी नेऊ?" ते म्हणाले, "ने. धोंडूलाच दे." आणि काउंटरमागे वाकून त्यांनी ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

आता मी विक्रोळीला आहे. चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर, धोंडूच्या खाटेशेजारच्या स्टुलावर. धोंडू चालतो-फिरतो, पण जिना चढला की खाली बसतो, आणि मोठ्याने हाक मारता येत नाही. रत्नप्रभा गॅलरीत बसून शेजाऱ्यांच्या साड्यांना फॉल लावते, तिला त्याची हाक ऐकू जात नाही. म्हणून कमळने मला स्टुलावर ठेवलं आणि म्हणाली, "दादा, काय लागलं तर वाजव."

धोंडू हसला. "ही घंटी स्टाफसाठी नाय गो."

बरेच दिवस त्याने मला वाजवलं नाही. पुसलं मात्र रोज. चिंचेने घासलं, फडक्याने पुसलं, बोट बटणाखाली अडकवून. तहान लागली तरी रत्नप्रभा आत येईपर्यंत थांबायचा. मला इतका राग यायचा की काय सांगू. अरे, आता इथे कोण पाहुणा आहे? कोणासाठी गिळतोस?

परवा कमळ आली होती. हॉटेल पुन्हा भरलंय, सांगत होती. नवीन पोरंपोरी आलीत कामाला. मशीन लावायचं कधीच बंद झालं. सकाळची रांग मात्र आहे, आणि नव्यांना पहिल्या दिवशी तेच शिकवतात. "कसे आहात?" "मस्त, सर!" धोंडू ऐकत होता. ती गेल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत बसला.

दुपारी त्याला धाप लागली. नेहमीसारखा तो खोकला गिळायला गेला. मग थांबला. हात पुढे केला आणि माझ्यावर बोट दाबलं. अगदी हळू, दुसऱ्याच्या दारावर टकटक करावी तसं.

टिंग.

रत्नप्रभा हातातली साडी टाकून धावत आली. "काय जाला? कसो आसस?"

धोंडूने तोंड उघडलं. ते जुनं उत्तर त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. इतक्या वर्षांची सवय.

"बरा वाटत नाय गो," तो म्हणाला. "धाप लागता. भिती वाटता."

रत्नप्रभा त्याच्या शेजारी बसली आणि त्याची पाठ चोळू लागली. तो खोकला. मनसोक्त, मोठ्याने, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा खोकला.

मला तुम्हाला फार काही सांगायचं नाही. तुम्ही फिरायला जाल, कुठल्यातरी हॉटेलात उतराल. कुणीतरी तुमची बॅग उचलेल आणि तुम्ही कसे आहात विचारलंत तर "मस्त" म्हणेल. ते ऐकून लगेच लिफ्टकडे वळू नका, एवढंच. थोडं थांबा. त्याच्या चेहऱ्याकडे बघा. आणि पुन्हा कधी तसली साथ आली, तर नुसतं विचारू नका. आधी बोटाला मशीन लावा.

धोंडू आता मला रोज सकाळी पुसतो. पण बटणाखाली बोट अडकवत नाही. फडकं फिरतं तशी मी वाजत राहते, आणि चाळीतलं कुणीतरी रोज ओरडतं, "धोंडू, सकाळी सकाळी काय ता?"

धोंडू पुसतच राहतो.